कूलर दर उन्हाळ्यात करंट मारतो. पंप बदलला, टॉप उलटा लावला, तरी परत तेच

मार्च संपता संपता फोन सुरू होतात ते मृग लागेपर्यंत चालूच राहतात. "भाऊ, हाऊ कूलर परत करंट मारस." अमळनेर-पारोळ्याकडे मी घरगुती वायरिंगची कामं करतो, आणि या तक्रारीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘परत’ या शब्दाची. म्हणजे मागच्या वर्षीही मारत होता. तेव्हा कोणीतरी पंप बदलून दिला, किंवा टॉप (प्लग) उलटा लावून बघितला, किंवा कूलरखाली लाकडी पाट सरकवला. करंट बंद झाला. घरच्यांनी विषय सोडून दिला. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, पोरं घरभर अनवाणी धावू लागली, आणि त्यातल्या एकाला झटका बसला.

आपल्याकडे कूलरशिवाय भागत नाही. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, धुळे-शिरपूरकडेही वेगळं काही नसतं, आणि रात्री बाराला भिंतीला हात लावला तरी भिंत गरम लागते. जुन्या धाब्याच्या घरांत निभाव लागायचा. स्लॅबच्या घरात कूलर बंद करून झोपा म्हटलं तर कोणी झोपू शकणार नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान लेकरांना तसं झोपवूही नये. म्हणून कूलर बिनधास्त वापरता आला पाहिजे, आणि त्यासाठी झटका थांबल्यावरही त्याचं कारण शोधलं पाहिजे.

आज झटका बसला असेल तर आधी हे

टॉप सॉकेटमधून बाहेर काढा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल. बोर्डाजवळ पाणी सांडलं असेल तर बोर्डाला हात न लावता मेन स्विच पाडा आणि मग टॉप काढा. नुसतं बटण बंद करून थांबू नका. कारण साधं आहे: बटण एकच तार तोडतं. ती तार फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, असायला हवी, पण कितीतरी जुन्या घरांत, आणि एक्स्टेन्शन बोर्डांत तर सर्रास, फेज आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे झालेले असतात. मग बटण न्यूट्रल तोडतं. पंखा थांबतो, पंप थांबतो, घरच्यांना वाटतं कूलर बंद झाला, आणि आतल्या वाइंडिंगपर्यंत, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीपर्यंत, फेज तसाच उभा असतो. पाणी भरताना झटका बसलेल्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय, "बटण बंद केलं होतं हो." ते खोटं बोलत नव्हते.

त्यामुळे पाणी भरायचं, गवताच्या जाळ्या काढायच्या, तळ धुवायचा, पाणी किती आहे ते बघायला हात घालायचा, या प्रत्येक वेळी टॉप बाहेर. फायबरच्या कूलरलाही हेच लागू. फायबरच्या बॉडीतून करंट येत नाही हे खरं, पण पंपाचं सील फुटलं तर टाकीतलं पाणीच फेजला जोडलं जातं. मोटरचा दांडा आणि स्क्रू तर लोखंडीच असतात.

"थोडासाच मारतो, मुंग्या येतात फक्त"

हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम ठेवून समजावत बसतो. अंगातून साधारण १ मिलीअँपिअर करंट गेला की मुंग्या जाणवतात. १० च्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वासाचे आणि हृदयाचे प्रश्न सुरू होतात, पन्नास-शंभरला हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागेवर जाऊ शकतो. हे सगळे आकडे अँपिअरच्या हजाराव्या भागात आहेत. एक साधा शंभरचा बल्ब चारशेच्या वर मिलीअँपिअर ओढतो.

कूलर तोच, दोष तोच, पण तुम्हाला मुंग्या आल्या कारण तुमच्या पायात चप्पल होती आणि हात कोरडा होता. कोरड्या कातडीतून करंट कमी जातो. ओल्या अंगाचा रोध, म्हणजे करंट अडवायची ताकद, हजार-दीड हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्ट आणि दीड हजार ओहम म्हणजे दीडशे मिलीअँपिअर. अंघोळ करून ओल्या पायांनी शहाबादी फरशीवरून धावत येणारं सहा वर्षांचं पोर कूलरच्या जाळीला धरतं, त्याला मुंग्या येत नाहीत. त्याचा हात चिकटतो.

घरगुती उपाय का ‘लागू पडतात’

हे सांगणं गरजेचं आहे, कारण याच उपायांनी तक्रार वर्षानुवर्षं दबून राहते.

टॉप उलटा लावणं हा सगळ्यात लाडका उपाय. दोन पिनांच्या टॉपमध्ये तो चालतोही. होतं असं की मोटरच्या किंवा पंपाच्या वाइंडिंगचं एक टोक कुठेतरी बॉडीला लागलेलं असतं. ते टोक फेजकडे असलं की बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज येतं. टॉप फिरवला की तेच टोक न्यूट्रलकडे जातं आणि बॉडी शांत वाटते. वाइंडिंग मात्र बॉडीला लागलेलंच आहे. पाहुण्यांनी मोबाइल चार्जरसाठी टॉप काढला आणि परत लावताना सरळ लावला, की संपलं.

खाली पाट किंवा टायरचे तुकडे ठेवल्याने काय होतं? कूलरच्या पायातून जमिनीत जाणारा थोडाफार करंट बंद होतो. बॉडीवरचा फेज तसाच राहतो, उलट आता त्याला जमिनीत जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट उरत नाही. पाट ठेवायचाच असेल तर माणसाच्या पायाखाली, आणि तोही घरातल्या प्रत्येकाच्या, प्रत्येक वेळी. ते शक्य नाही.

पंप बदलणं हा उपाय खोटा नाही. निम्म्याहून जास्त वेळा मला दोष पंपातच सापडतो. टाकी कोरडी पडली तरी पंप चालू राहिला, तापला, आतलं सील तडकलं, मग पाणी वाइंडिंगपर्यंत पोचलं. बोअरचं जड पाणी असेल तर जोडांवर पांढरा थर धरतो, तो ओला झाला की त्यातूनही करंट वाहतो. पंप बदलणं बरोबरच. पण नवा पंप दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा खराब होणार आहे. पंप ही झिजणारी वस्तू आहे. तो खराब झाला तरी कोणाला झटका बसू नये, ही व्यवस्था घरात आहे का, हा खरा प्रश्न.

आणि दुकानात नेल्यावर ‘कूलर ओके आहे’ म्हणतात, तेही समजून घ्या. सायकलवर, रिक्षात घालून नेलेला कूलर पोचेपर्यंत वाळलेला असतो. ओलाव्याने येणारा दोष कोरड्या कूलरमध्ये दिसत नाही. साध्या मीटरवर तर नाहीच. मेगर नावाचं यंत्र ५०० व्होल्ट देऊन तपासतं. तासभर पाणी चालवलेल्या ओल्या कूलरवर मेगर लावला की लपलेला दोष बहुतेक वेळा तोंड दाखवतो. एक मेगओहमच्या खाली आकडा आला की ती मोटर किंवा तो पंप मी परत लावत नाही.

टेस्टरचंही तसंच. टेस्टर पेटला म्हणजे जीवघेणा करंट आहे असं नाही, आणि पेटला नाही म्हणजे निर्धास्त असंही नाही. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही. जाड रबरी तळाच्या चपलेवर उभं राहिलं तरी तो मंद होतो.

तीन उन्हाळे, तीन दुरुस्त्या आणि फरशीखालचा खड्डा

बोरी नदीच्या काठच्या एका गावातली गोष्ट. काकूंनी बोलावलं तेव्हा त्यांच्या कूलरचा हा तिसरा उन्हाळा वाईट चालला होता. पहिल्या वर्षी पंप बदलला. दुसऱ्या वर्षी मोटर भरून आणली. तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाने वैतागून नवाकोरा पत्र्याचा कूलर आणला. आठ दिवस बरा चालला आणि मग तोही मारायला लागला.

मी आधी टॉप खोलला. थ्री-पिन टॉप होता, वरची जाड पिन जागेवर होती, बाहेरून बघणाऱ्याला काही वावगं दिसलं नसतं. आत लाल आणि काळी तार स्क्रूखाली, आणि हिरवी, म्हणजे अर्थिंगची तार बोटाच्या पेरभर आधीच कापलेली. कापलेल्या टोकावर टेपचा छोटा गोळा. कोणीतरी मुद्दाम केलं होतं. असं का करतात हे मला माहीत होतं, पण त्या वेळी लक्षात आलं नाही. मी हिरवी तार सोलली, वरच्या पिनला घट्ट जोडली, टॉप लावला. कूलरच्या बॉडीवरचा करंट बराच उतरला.

पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून काकूंची सून ओरडली. फ्रिजच्या दाराने तिला झटका दिला होता.

हिरवी तार का कापली होती ते तेव्हा उमगलं. घरातल्या सगळ्या सॉकेटच्या वरच्या भोकांना एकच अर्थिंगची तार जोडलेली असते. ती खाली खड्ड्यात, जमिनीत नीट गेली असेल तर कूलरचा चुकार करंट तिथे उतरतो. पण खड्डाच मेला असेल तर तो करंट त्याच तारेने फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर, इस्त्रीवर जाऊन बसतो. आधीच्या माणसाने फ्रिजचा झटका थांबवायला कूलरची तार कापली होती. दोष फ्रिजचा नव्हता, आणि नवा कूलर आणूनही तो मिटणार नव्हता.

मग खड्डा शोधायला लागलो. काकूंना आठवेना. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी अंगणाच्या मोरीजवळची जागा दाखवली. "मामंजी होते तोवर रोज संध्याकाळी तिथं एक बादली ओतायचे. का ओतायचे कोणी विचारलं नाही." तीन वर्षांपूर्वी अंगणात नवी फरशी बसवली, मामंजीही त्याच पावसाळ्यात गेले. खड्ड्याचं तोंड फरशीखाली गेलं, आणि करंटची तक्रार त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात सुरू झाली होती.

आम्ही दोन फरश्या उचलल्या. खाली काळी माती भेगाळून पडली होती. अर्थिंगचा पाइप आणि माती यांच्यात माझी करंगळी सहज जात होती. वर तार जिथे नट-बोल्टने आवळलेली होती तिथे गंजाचा नुसता पापुद्रा उरला होता. तार हातात घेतली तर ती अलगद निघून आली.

आपल्या काळ्या मातीचं हे वैशिष्ट्य नीट समजून घ्यायला हवं. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालते. एप्रिल-मेमध्ये ती आकसते, भेगा पडतात, पाइपापासून सुटते. कोरडी माती वीज वाहून नेत नाही. म्हणजे ज्या दोन महिन्यांत कूलर चोवीस तास चालतात, नेमक्या त्याच दोन महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर असते. ‘पावसाळ्यात आपोआप बरा झाला’ असं लोक सांगतात त्याचं कारण हेच. माती ओली झाली, दोष कायम राहिला.

तुमच्या घरी शोधायची वाट

सगळ्या घरांत खड्डाच दोषी असेल असं नाही, म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो. पहिल्या दोन गोष्टी कोणीही बघू शकतं. बोर्ड उघडायची वेळ आली की परवानाधारक वायरमनला बोलवा. मेन बंद केल्याशिवाय स्क्रूलाही हात लावू नका, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर बोर्डात वीज पाठवतच असतो.

पहिलं, टॉप आणि वायर. दोन पिनांचा टॉप असेल तर अर्थिंग नाहीच. गावातल्या गावात बनवलेल्या पत्र्याच्या कूलरला पुष्कळदा दोनच तारांची वायर असते. ती काढून तीन तारांची वायर घालून घ्या. हिरव्या तारेचं टोक बॉडीला आवळताना तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करायला सांगा. रंगावर आवळलेला बोल्ट दिसायला घट्ट दिसतो, पण रंग करंट अडवतो. वायर खिडकीच्या पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे बघा, कापलेली असू शकते. आठ महिने माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या कूलरची वायर उंदरांनी कुरतडलेली निघणं ही तर दर होळीनंतरची गोष्ट.

थ्री-पिनमधली वरची पिन लांब आणि जाड का असते तेही सांगून ठेवतो, कारण ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये टॉप घुसवणारे अजून आहेत. ती लांब असल्यामुळे टॉप लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. ती पिन कापणं म्हणजे दाराचा कडी-कोयंडा कापून दार लावल्यासारखं आहे.

दुसरं, झटका फक्त कूलरच देतो का? इस्त्री, फ्रिज, वॉशिंग मशीनही मुंग्या देत असतील तर कूलरचा टॉप काढून बघा. मुंग्या थांबल्या तर दोष कूलरमध्ये आहे आणि खड्डाही कामाचा नाही. कूलरचा टॉप काढूनही मुंग्या थांबल्या नाहीत तर दुसऱ्या एखाद्या यंत्रात दोष आहे, किंवा न्यूट्रलची भानगड आहे.

ही न्यूट्रलची भानगड मला सगळ्यात जास्त धास्तावते. खड्डा खोदायचा खर्च आणि मेहनत वाचवायला काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या भोकातून वरच्या अर्थिंगच्या भोकात तारेचा छोटा तुकडा जोडतात. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी खांबावरची किंवा मीटरजवळची न्यूट्रल तार सुटते, त्या दिवशी त्या सॉकेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. यंत्र चांगलं असलं तरी. खांबावर काम होऊन फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तरी तेच. वायरमन आला की त्याला सॉकेटची प्लेट खोलून हा तुकडा आहे का ते तुमच्यासमोर बघायला सांगा. असेल तर त्याच वेळी काढायला लावा.

नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडलेली असेल तीही काढा. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीतून जायचे. आता मध्ये कुठेतरी पीव्हीसी असतो, करंट जमिनीत पोचत नाही, आणि न्हाणीघरात नळाला हात लावणाऱ्याला झटका बसतो.

तिसरं, खड्डा. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप किमान अडीच मीटर लांबीचा सांगितलाय. अडीच मीटर म्हणजे आठ फुटांच्या वर. तीन फुटी सळई ठोकून ‘अर्थिंग झाली’ म्हणणारे भेटतात. वरचा तीन-चार फुटांचा थर आपल्याकडे मेमध्ये पार वाळून जातो, तेव्हा ती सळई कोरड्या मातीत नुसती उभी असते. पाइपाभोवती मीठ आणि कोळशाचे थर द्यायची पद्धत ओलावा टिकवण्यासाठी आहे. मिठाने नट-बोल्ट गंजतात, म्हणून वरचा जोड दरवर्षी उघडून बघायचा. खड्ड्याचं तोंड झाकण ठेवून उघडं करता येईल असं हवं. फरशी बसवताना, ओटा बांधताना गवंड्याला ही जागा आधी दाखवून ठेवा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड बादलीभर पाणी. मामंजींना शास्त्र माहीत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांची बादली घराला सांभाळत होती.

आणि एक चाचणी: खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर कूलरचा करंट दिवसभर कमी झाला आणि मग परत आला, तर खड्डा सुकलेला आहे हे जवळजवळ नक्की समजा. वायरमन शंभरचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावून बघतो. बल्ब मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर खड्डा मेलेला. ही बल्बची चाचणी घरच्यांनी करू नये. खड्डा मेलेला असला तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या बॉडींवर फेज येतो, म्हणून वायरमनही आधी सगळे टॉप काढायला लावतो.

एमसीबी आहे ना, मग?

एमसीबी, म्हणजे लोड फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी तो नाही. हिशेब करून बघा. अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे आणि फेज सरळ बॉडीला लागलाय. २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जातोय. एमसीबी १६ चा. त्याच्या दृष्टीने हा एक मध्यम लोड आहे, तो पडणारच नाही. बॉडीवर फेज तासन्‌तास उभा, मीटर पळतंय, आणि कोणाला पत्ता नाही.

इथे आरसीसीबी लागतो, जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पुरवठा तोडतो. अर्थिंग पाचशे ओहमची, म्हणजे अगदी वाईट असली तरी फरक साडेचारशे मिलीअँपिअरचा होतो आणि तो पडतो. अर्थिंग मुळीच नसेल तर मात्र कोणीतरी हात लावेपर्यंत तो पडणार नाही. हात लावणाऱ्याला झटका जाणवेल आणि मग पडेल. म्हणून दोन्ही हवेत.

दुकानात मागताना ‘३० मिलीअँपिअरचा’ असं स्पष्ट सांगा आणि डबीवर वाचून घ्या. १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते आगीपासून बचावासाठी असतात, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटसाठी पुरत नाहीत. चांगल्या कंपनीचा आरसीसीबी साध्या नव्या कूलरच्या किमतीपेक्षा कमीत येतो. इन्व्हर्टरची लाइन त्यातून जातेय का ते विचारा. पुष्कळ घरांत ती बाहेरून गेलेली असते, आणि लाइट गेल्यावर कूलर इन्व्हर्टरवरच चालतो.

त्याच्यावर एक चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. दाबताच पडला पाहिजे. नाही पडला तर बदला.

बसवल्यावर तो वारंवार पडायला लागला तर लोक वैतागून काढायला लावतात. कृपा करून काढू नका. सगळे टॉप काढा, तो वर करा, मग एकेक टॉप लावत जा. ज्याने पडेल तिथे दोष. सगळे टॉप काढून, सगळे एमसीबी पाडूनही उभा राहत नसेल, तर कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना लागलेत, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. भिंतीतला ओलावा, किंवा मघाशी सांगितलेला सॉकेटमधला तारेचा तुकडा. म्हणजे आरसीसीबीने तुमच्या घरातला जुना गुन्हा शोधून दिलाय.

कपडे वाळवायची तार

कूलर खिडकीत, खिडकीला लोखंडी ग्रील, कूलरचं स्टँड ग्रीलला टेकलेलं, आणि त्याच ग्रीलला अंगणातली कपडे वाळवायची लोखंडी तार बांधलेली. हे चित्र मी इतक्या घरांत बघितलंय की घरात शिरताना नजर आधी तिकडेच जाते. कूलरला घरातल्यांनी हात लावायचा नाही हे ठरलेलं असतं. पण बाई अंगणात ओली साडी पिळून, ओल्या मातीत अनवाणी उभी राहून ती तारेवर टाकते, तिच्या ध्यानीमनीही कूलर नसतो. तार आजच सोडा, नायलॉनची दोरी बांधा. एवढं काम वायरमनशिवाय होतं आणि दहा मिनिटांत होतं.

कोणी चिकटलंच तर त्याला धरू नका, तुम्हीही चिकटाल. मेन पाडा किंवा टॉप ओढा. तेवढाही वेळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने, प्लॅस्टिकच्या खुर्चीने ढकलून सोडवा. १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मोठ्या माणसाची छाती साधारण पाच सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने, गाडी येईपर्यंत. माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. हृदयाचा बिघाड काही वेळाने उमटू शकतो. खांबावरची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, १९१२ वर कळवा.

काकूंच्या घरी आम्ही जुना खड्डा सोडून दिला. मोरीच्या पलीकडे, जिथे धुण्याचं पाणी मुरतं, तिथे नवा पाइप खोल घातला, फरशीत झाकण ठेवलं, मेनजवळ आरसीसीबी बसवला. काकू म्हणाल्या, "नवा कूलर उगाच आणला म्हणायचा."

यंदा आखाजीच्या दिवशी सकाळी सकाळी त्यांचा फोन. घरात पाहुणे, चुलीवर पुरणाचा घाट, आणि लाइट सारखी जातेय, शेजारी मात्र आहे. मी फोनवरच टॉप काढायला सांगितले. कूलरचा टॉप लावला की आरसीसीबी पडत होता. दुपारी जाऊन बघितलं तर पंपाची वायर जिथे आत शिरते तिथलं सील तडकलं होतं, त्यातून पाणी झिरपत होतं. दोन-अडीचशेचा पंप, अर्ध्या तासाचं काम. मी पंप बदलत असताना त्यांचा नातू कूलरच्या जाळीला टेकून आंब्याची कोय चोखत उभा होता. सकाळपासून तो तिथेच खेळत होता असं काकू म्हणाल्या. कोणाला काही जाणवलं का, असं मी घरातल्या एकेकाला विचारलं. कोणालाच नाही.